कॉफी वेगळी, दूध वेगळे

स्वयंपाकघरातील शंकांच्या या सदराकडे या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून जी पत्रे आली, त्यांतली बरीच एकाच पेयाविषयीची निघाली: स्पेनमध्ये सकाळच्या न्याहारीला घेतली जाणारी दुधाची कॉफी, म्हणजेच ‘काफे कोन लेचे’. त्यामुळे इतर शंका पुढच्या अंकासाठी राखून ठेवल्या आहेत. स्पॅनिशमध्ये ‘कोन’ म्हणजे ‘सह’ आणि ‘लेचे’ म्हणजे दूध. मराठी कानाला ‘लेचे’ ऐकले की पाठोपाठ ‘पेचे’ आठवते. परंतु ही कॉफी लेचीपेची मुळीच नसते, आणि घरी करताना ती तशी होते हीच बहुतेक पत्रांतली तक्रार आहे.

प्रश्न: माझी मुलगी शिक्षणासाठी वर्षभर सालामांका येथे होती. परत आल्यापासून तिला घरची कॉफी आवडेनाशी झाली आहे. मी फुल क्रीम दूध उकळत ठेवते, त्यात साखर आणि इन्स्टंट कॉफीची पूड घालते आणि दोन उकळ्या आणून उतरवते. ती म्हणते, “आई, दूध छान झालंय, पण यात कॉफी कुठे आहे?” कॉफीचे यंत्र घेण्याची आमची तयारी नाही आणि ओट्यावर जागाही नाही. काय बदलावे?
(एक वाचिका, वाशी)

उत्तर: आपली कृती चहाची आहे. चहाची भुकटी दुधापाण्यात उकळण्याचा अत्याचार सहन करते, किंबहुना आपल्याला तो तसाच आवडतो. कॉफीला मात्र उकळी मानवत नाही. इन्स्टंट पूड ही आधीच काढून वाळवलेली कॉफी असते. ती फक्त विरघळायची बाकी असते. ती दुधात दोनदा उकळली की तिचा उरलासुरला गंध वाफेबरोबर निघून जातो. कॉफी उकळताना घरभर जो दरवळ सुटतो, तो कपातून वजा झालेला असतो, हे लक्षात ठेवावे.

आपल्या मुलीच्या तक्रारीत दुसरी गोष्ट आहे ती प्रमाणाची. कपभर दुधाला एक चमचा इन्स्टंट पूड म्हणजे जेमतेम दीड-दोन ग्रॅम. स्पेनमधल्या बारमध्ये (तिकडे ‘बार’ म्हणजे सकाळी कॉफी आणि दुपारी जेवणही मिळते अशी कोपऱ्यावरची जागा, केवळ मद्यालय नव्हे) एका साध्या एस्प्रेसोला सात ते नऊ ग्रॅम ताजी दळलेली पूड लागते. सुमारे नऊ बार (इथे ‘बार’ हे दाब मोजण्याचे एकक) दाबाचे गरम पाणी त्या पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत जाते आणि मग त्या दाट अर्कावर गरम दूध ओतले जाते. बारमध्ये दूध कॉफीपेक्षा थोडे जास्त पडते. घरी करणारे मात्र निम्मी कॉफी आणि निम्मे दूध हे माप धरतात. आपल्याकडे दूध हा मुख्य पदार्थ आणि कॉफी हा त्याचा स्वाद असतो, तर तिथे दोघांचे वजन सारखे असते. मुलीच्या वाक्याचा अर्थ एवढाच आहे.

यंत्र न घेण्याचा आपला निर्णय मला योग्य वाटतो, कारण स्पेनमधल्या असंख्य घरांतही ते नसते. तिथल्या शेगडीवर दिसतो तो मोका पॉट, ज्याला स्पॅनिश लोक ‘इटालियन किटली’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. कारण हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे भांडे आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली इटलीत बाजारात आणले. त्याची रचना सोपी आहे. खालच्या खणात पाणी, मधल्या चाळणीत पूड आणि वरचा खण रिकामा. पाणी तापले की खाली वाफेचा दाब वाढतो आणि तो पाण्याला पुडीतून वर ढकलतो. हा दाब एक-दीड बारच्या आसपासच असतो, म्हणून यातून खरी एस्प्रेसो निघत नाही, परंतु दुधात तग धरण्याइतकी दाट कॉफी नक्की निघते.

खालच्या खणात बाजूच्या छोट्या पितळी झडपेच्या खालपर्यंतच पाणी भरावे. झडप बुडाली तर सुरक्षेचा मार्ग बंद होतो. चाळणी पुडीने काठोकाठ भरून चमच्याच्या पाठीने सपाट करावी, मात्र दाबू नये. पूड बारीक मिठाच्या दाण्याहून किंचित बारीक असावी; पिठीसाखरेसारखी झाली तर ती चाळणी तुंबवते. भांडे घट्ट फिरवून मंद आचेवर ठेवावे आणि झाकण उघडेच असू द्यावे, कारण इथे डोळ्यांचे काम आहे. प्रथम गडद, मधासारखी कॉफी संथपणे वर येते, मग तिचा रंग फिकट होत जातो आणि शेवटी फुरफुर आवाज करत फेसाळ पाणी उडू लागते. रंग फिका होऊ लागताच गॅस बंद करावा. फुरफुरीची वाट पाहणारे लोक शेवटचा कडू निथळ स्वतःच कपात घेतात.

तोवर दुसऱ्या शेगडीवर दूध तापत असावे. ते या वेळी उकळायचे नाही. पातेल्याच्या काठाला मण्यांसारखे बुडबुडे धरू लागले की उतरवायचे. कपात आधी गरम पाणी फिरवून तो ऊन करून घ्यावा, त्यात सुमारे ऐंशी मिलिलिटर कॉफी घालावी आणि तेवढेच दूध थोड्या उंचीवरून ओतावे. साखर ज्याने त्याने नंतर घालावी. स्पेनमध्येही ती बशीत पुडी ठेवून वेगळीच देतात, आणि कॉफी काचेच्या पेल्यात मागण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे घरात चहाचे कटिंगचे ग्लास असतील तर ते निःसंकोच वापरावेत.

मोका पॉट येईपर्यंत इन्स्टंटवरच भागवायचे असेल, तर दोन भरलेले चमचे पूड पाऊण वाटी, म्हणजे साधारण शंभर मिलिलिटर, उकळी शमलेल्या पाण्यात विरघळवून त्यात तेवढेच गरम दूध ओतावे. मुलगी नाक मुरडेल, परंतु “कॉफी कुठे आहे” असे विचारणार नाही.

प्रश्न: मी ‘तीन कप’ असे लिहिलेला ॲल्युमिनियमचा मोका पॉट आणला. पहिली गोष्ट म्हणजे त्यातून आमच्या घरातला एकच कप भरतो. दुसरे, आमच्या इंडक्शनच्या शेगडीला तो भांडे आहे हेच कळत नाही. गॅसच्या बर्नरवर ठेवला तर कलंडतो. कॉफी करपल्यासारखी लागते आणि मधल्या सांध्यातून वाफ जाते. माझी फसवणूक झाली आहे का?
(एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर: फसवणूक झालेली नाही. मोका पॉटवरचा ‘कप’ हा एस्प्रेसोचा छोटा कप, म्हणजे साधारण चाळीस-पन्नास मिलिलिटरचा. तीन कपांच्या भांड्यात १३० ते १५० मिलिलिटर पाणी आणि सुमारे पंधरा ग्रॅम पूड मावते, आणि काही पाणी पुडीतच मुरत असल्याने हाती त्याहून थोडे कमी लागते. एवढ्यात दुधाची कॉफी एकाला ऐसपैस किंवा दोघांना बेताची होते. घरात चार माणसे असतील तर सहा कपांचे भांडे घ्यावे. पण एक सूचना आहे. मोठे भांडे अर्धे भरून वापरता येत नाही. पुडीचा थर पातळ राहिला की पाणी त्यातून सरळ धावत सुटते आणि कॉफी पाणचट होते. म्हणून नेहमी पिणाऱ्यांच्या संख्येइतके भांडे घ्यावे, आलेल्या पाहुण्यांसाठी दुसरा डाव लावावा.

इंडक्शनला लोहचुंबक चिकटणारे बूड लागते आणि ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही. यावर दोन उपाय आहेत. चुंबक चिकटेल अशा स्टीलच्या बुडाचा मोका पॉट घ्यावा, किंवा सपाट बुडाचा लोखंडी डोशाचा तवा मंद आचेवर ठेवून त्यावर हे भांडे ठेवावे. दुसऱ्या पद्धतीला वेळ लागतो. तवा रिकामा तापत ठेवू नये. गॅसवर भांडे कलंडते ते बर्नरच्या दांड्या आपल्या पातेल्यांच्या मापाने बसवलेल्या असतात म्हणून. त्यांवर ठेवायची छोटी लोखंडी जाळी मिळते; जांभळी नाक्याच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानांत विचारून पाहावे. बर्नर मात्र सर्वांत लहान निवडावा आणि ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नये. माझ्या पहिल्या भांड्याची प्लास्टिकची मूठ याच दुर्लक्षामुळे वितळून खाली लोंबू लागली होती, आणि तो वास आठवडाभर स्वयंपाकघरात राहिला.

करपट चवीची कारणे बहुधा तीन असतात: आच मोठी, पूड दाबून भरलेली, किंवा भांडे फुरफुरू लागल्यावरही गॅस चालू. थंड पाणी मोठ्या आचेवर तापवताना वरची पूड कोरडीच भाजत राहते, म्हणून खालच्या खणात आधीच गरम केलेले पाणी घेण्याचा उपाय अनेकजण करतात आणि माझ्या अनुभवाने तो गडद भाजलेल्या पुडीला उपयोगी पडतो. फक्त त्या वेळी खालचा खण फडक्याने धरूनच फिरवावा.

सांध्यातून वाफ जात असेल तर वरच्या खणाच्या तळाशी असलेले रबर पाहावे. कुकरच्या रिंगसारखेच तेही कडक होते, आणि वेगळे विकत मिळते. रबर नवे असेल तर कडेला पुडीचे कण अडकले आहेत का हे तपासावे. चाळणीचा काठ बोटाने पुसून घेतला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. भांडे चिंच, लिंबू किंवा तारेच्या चोथ्याने घासू नये. पितळेला चालते ते ॲल्युमिनियमला चालत नाही. ते काळे पडते. साध्या पाण्याने धुऊन, सुटे करून, पूर्ण वाळवून ठेवावे.

प्रश्न: आमच्याकडे सासूबाईंचा पितळी कॉफी फिल्टर आहे. त्यांचे बालपण माटुंग्याला गेले, त्यामुळे घरात डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून काढलेला कॉफीचा दाट अर्क, रोजचेच. त्यावर ही स्पॅनिश कॉफी होईल का, की नवे भांडे घ्यावे लागेल? आणि पुडीत चिकोरी असलेली चालेल का?
(एक वाचिका, नौपाडा, ठाणे)

उत्तर: नवे भांडे घेऊ नये. दोन भांड्यांत दोन गोष्टी वेगळ्या तयार करून कपात एकत्र आणायच्या, हे तत्त्व आपल्या सासूबाईंना आधीपासूनच ठाऊक आहे. फरक आहे तो मापाचा. फिल्टर कॉफीत डिकॉक्शनच्या तिप्पट-चौपट दूध घालतात, तर इथे दूध कॉफीइतकेच. त्यामुळे रोजचे डिकॉक्शन जसेच्या तसे निम्मे-निम्मे केले तर ते पहिल्या घोटाला डोक्यात जाईल. पुडीवर पाणी थोडे जास्त घालून डिकॉक्शन जरा सैल काढावे, आणि ते पुन्हा गॅसवर गरम करू नये. फिल्टरला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढ्यात ते कोमट होते. म्हणून फिल्टरचे खालचे भांडे गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवावे आणि दूध नेहमीपेक्षा थोडे अधिक ऊन घ्यावे.

चिकोरीविषयी मात्र मी थोडा आग्रही आहे. कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी असा आपल्याकडचा नियम आहे, म्हणजे पाकिटात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते, आणि हे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरी हे मूळ आहे. ते भाजल्यावर त्यातली साखर करपून रंग आणि दाटपणा देते, पण त्यात कॅफिनही नाही आणि कॉफीचा गंधही नाही. चौपट दुधात ती शोभते. निम्म्या दुधात तिची काकवीसारखी चव पुढे येते. या कॉफीसाठी निव्वळ कॉफीची पूड आणावी. डोळ्यांसमोर दळून देणाऱ्या दुकानात ‘फिल्टरसाठी’ म्हणून सांगितले तर ते दळण मोका पॉटलाही बहुधा चालून जाते. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा या दोन जाती; चिकमगळूर किंवा कोडगूच्या अरेबिकात तिसरा हिस्सा रोबस्टा घालून मागावा. रोबस्टाला कमी लेखण्याची फॅशन आहे, पण दुधातून वर येणारा कडवटपणा तिच्यामुळेच मिळतो, आणि स्पेनच्या रोजच्या कॉफीतही तिचा वाटा मोठा असतो.

प्रश्न: पिशवीच्या दुधापैकी कोणते घ्यावे? दूध उकळले तर चव बिघडते असे वाचले, पण न उकळलेले दूध घरात कोणी पिणार नाही. शिवाय कॉफीवर साय धरते आणि फेस येत नाही.
(एक वाचिका, खारघर)

उत्तर: स्पेनमधल्या साध्या सायीच्या दुधात साडेतीन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. आपल्याकडे फुल क्रीममध्ये तो सहा टक्के, टोन्डमध्ये तीन आणि गाईच्या दुधाच्या पिशवीवर साधारण साडेतीन असा छापलेला असतो. म्हणजे उत्तर पिशवीवरच लिहिलेले आहे. म्हशीचे दाट दूध चांगलेच, पण ते जिभेवर जो थर धरते त्याखाली कॉफी दबते. टोन्डही चालेल; फुल क्रीम बासुंदीसाठी राहू द्यावे.

उकळण्याविषयी जे वाचले ते खरे आहे. सत्तर अंशांच्या पुढे दुधातली काही प्रथिने बदलू लागतात आणि ‘शिजलेला’ वास येतो. परंतु त्याची फार धास्ती घेऊ नये, कारण स्पेनमध्ये बहुतेक घरांत अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेले खोक्यातले दूध वापरतात, आणि त्यालाही तो शिजका वास थोडा असतोच. पिशवीचे दूध पाश्चराइझ करूनच, म्हणजे तापवून त्यातले घातक जंतू मारूनच येते, मात्र डेपोपासून दारापर्यंत ते किती वेळ उन्हात होते हे आपल्या हाती नसते. तेव्हा आल्या आल्या एकदा उकळून, गार करून, साय काढून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि कॉफीच्या वेळी हवे तेवढेच काढून ऊन करावे. तेच दूध दिवसभर चार वेळा उकळत ठेवणे टाळले म्हणजे झाले.

साय धरते ती दूध न हलवता तापवल्यामुळे. सतत ढवळावे, आणि उतरवल्यावर ताकाची छोटी रवी दहा-बारा वेळा घुसळावी. पातळ, बारीक फेस येतो. या कॉफीला तेवढाच लागतो. चमच्याने उचलावा असा फेसाचा ढीग कापुचिनोचा, इथला नव्हे.

प्रश्न: मित्राने माद्रिदहून आणलेल्या पाकिटावर ‘तोररेफाक्तो’ असे आहे. दाणे डांबरासारखे काळे आणि चकचकीत आहेत. ही शिळी कॉफी तर नव्हे?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर: शिळी नाही. कॉफी भाजण्याच्या अखेरच्या टप्प्यात दाण्यांवर साखर घालण्याची ही पद्धत आहे. साखर जवळजवळ जळते आणि दाण्यांवर काळे, चकाकणारे कवच चढते. शंभर किलो कॉफीला जास्तीत जास्त पंधरा किलो साखर अशी तिथे मर्यादा आहे. साखर घातली म्हणून ही कॉफी गोड असेल असे समजू नये. गोडी जळून जाते आणि उरतो तो काळा रंग व तीव्र कडवटपणा. १९३६ ते १९३९ या यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात ही पद्धत रूढ झाली, कारण थोड्या आणि सामान्य प्रतीच्या कॉफीतून गडद कप निघत असे. पुढे टंचाई संपली, पण जिभेला लागलेली सवय सुटली नाही. आज अनेक पाकिटांत साधी भाजलेली आणि साखर घालून भाजलेली कॉफी मिसळलेली असते, आणि त्याला ‘मेस्क्ला’, म्हणजे मिश्रण, म्हणतात.

माझे मत विचाराल तर हे दाणे नुसते वापरू नयेत. एक भाग हे आणि चार भाग आपल्याकडची साधी कॉफी असे मिसळून पाहावे. दळल्यानंतर मिक्सरचे भांडे लगेच पुसावे, अन्यथा तो करपट वास दुसऱ्या दिवशीच्या चटणीत येईल.

प्रश्न: आम्ही दोघे स्पेनला जाणार आहोत. कॉफी मागताना गोंधळ होऊ नये म्हणून नावे सांगाल का?
(एक वाचक, नेरुळ)

उत्तर: काळी कॉफी ‘सोलो’, तिला दुधाचा नुसता हात लावलेली ‘कोर्तादो’, निम्मी-निम्मी ‘कोन लेचे’ आणि कॉफीचा डाग पडावा एवढीच असलेले दूध ‘मान्चादा’. दाट गोड कंडेन्स्ड मिल्कवर कॉफी ओतलेली ती ‘बोम्बोन’. मलागा शहरात तर दुधाच्या प्रत्येक मापाला वेगळे नाव आहे: निम्म्याला ‘मितात’, कॉफी बरीच कमी असली की ‘सोंब्रा’, म्हणजे सावली, आणि त्याहूनही कमी असली की ‘नूबे’, म्हणजे ढग. ‘कडक’, ‘कटिंग’, ‘साखर कमी’ असे ओरडून चहा मागणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये. दूध गरम, कोमट की थंड असे विचारतील, त्याचे उत्तर तयार ठेवावे.

प्रश्न: फिल्टरचे पाणी वापरूनही कॉफी सपक लागते. पूड मात्र चांगल्या दुकानातली आहे.
(एक वाचिका, बेलापूर)

उत्तर: आपला फिल्टर आरओ असेल, तर त्याने पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकलेले असतात, आणि कॉफीची चव पाण्यात उतरायला थोडे क्षार लागतात. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते. ते मुळातच फार जड नसते. साधे नळाचे पाणी उकळून, गार करून एकदा वापरून पाहावे. टँकरचे किंवा बोअरिंगचे पाणी असेल तर मात्र आरओच बरे, नाहीतर मोका पॉटच्या खालच्या खणात पांढरा थर धरतो. पूड पावसाळ्यात दमट होते, हेही एक कारण असू शकते. एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच आणावी आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये. डबा बाहेर काढून उघडला की आत दव धरते.

प्रश्न: परवा कॉफीत दूध ओतताच ते फाटले. दूध तर सकाळचेच होते.
(एक वाचिका, कळवा)

उत्तर: कॉफी थोडी आम्ल असते, आणि हलकी भाजलेली असेल तर अधिकच. दूध नासायच्या बेतात असेल तर नुसते तापवताना ते कळत नाही, पण आम्ल आणि उष्णता एकत्र आली की त्यातले प्रथिन गोळा होते. ऐन उन्हाळ्यात सकाळी आणलेले दूध दुपारपर्यंत ओट्यावर राहिले तर एवढे पुरते. पुढच्या वेळी शंका आल्यास आधी चमचाभर कॉफीत चमचाभर दूध घालून पाहावे. फाटले तर फक्त दोन चमचे वाया जातील आणि उरलेल्या दुधाचे पनीर करता येईल.